डागाचं टेबल

घरात तिला सगळे बारकी म्हणत. वयाची चौतीस वर्षं उलटली, कानशिलापाशी दोन-चार केस पांढरे झाले, तरी दोघा भावंडांत धाकटी म्हणून चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. ती सॉफ्टवेअर लिहायची. दहा वर्षं तिने एका मोठ्या कंपनीत दुकानांच्या बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळलं. पगार वेळेवर, खुर्ची आरामाची, आणि काम असं की एखादं बटण हिरवं असावं की निळं यावर सात जणांनी अडीच तास डोकं शिणवावं. घरी जाताना तिला वाटायचं, आज काय केलंस असं कुणी विचारू नये म्हणजे झालं.

तिचे मामा, आईचे थोरले भाऊ, कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. अठ्ठावीस वर्षं एकाच कारखान्यात. गिरणीतून येणारं सगळंच कापड निर्दोष नसतं. कुठे गाठ, कुठे जाड धागा, कुठे यंत्राच्या तेलाचा ठिपका. चांगलं कापड थरावर थर रचून मोठ्या यंत्रावर एका दमात कापलं जाई. डागाळलेले तागे तेवढे मामांच्या टेबलावर येत. कारखान्यात त्याला डागाचं टेबल म्हणत. मामा आणि त्यांच्या हाताखालची सहा माणसं तिथे दिवसभर एकेरी कापड पसरून, खडूने आखून, हाताने कापत. डागाच्या टेबलावरून निघालेला सदरा आणि चांगल्या कापडाचा सदरा शेजारी ठेवले तर भल्याभल्यांना फरक कळत नसे, आणि या गोष्टीचा मामांना जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या घराचाही नव्हता.

एका रविवारी सकाळी बारकी पडद्याचं कापड घेऊन त्यांच्याकडे गेली. स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं आणि घरी उलगडल्यावर मधोमध हाताएवढा डाग निघाला. मामांनी कापड जमिनीवर पसरलं, कागदाचे तुकडे ठेवले आणि भोवती फेऱ्या मारायला लागले. एक तुकडा सरकवायचा, मागे जायचं, मान वाकडी करायची, पुन्हा सरकवायचा. मामी दोनदा चहाला हाक मारून गेली. बारकीने सहज विचारलं की तुम्ही नेमकं बघता तरी काय.

मामा म्हणाले, "डाग कुठे आहे ते कुणालाही दिसतं. डाग कुठे चालेल ते बघावं लागतं."

झालं. तिच्या डोक्यात किडा शिरला तो तिथे. कापडावर तुकडे बसवणारी सॉफ्टवेअरं बाजारात पुष्कळ होती, पण ती सगळी डागाला टाळत, म्हणजे तेवढा भाग सोडून देत. मामा डागाला जागा देत होते. कॉलरच्या आतल्या पदरात गाठ चालते. खिशाच्या पाठीमागे तेलाचा ठिपका चालतो. शिवणीत दुमडून जाणाऱ्या अर्ध्या बोटात काहीही चालतं. प्रत्येक तुकड्याचा स्वतःचा एक नकाशा होता, आणि तो मामांच्या डोक्यात होता. तो बाहेर काढला तर?

पुढच्या महिन्यात तिने नोकरी सोडली.

दादा, तिचा भाऊ, तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. दवाखान्यांना यंत्रं विकण्याचं काम करायचा आणि बोलण्यात असा की समोरच्याने नको म्हणायला उघडलेल्या तोंडातून हो निघावं. बारकीने त्याला कल्पना सांगितली तेव्हा तो आधी हसला. नंतर दोन दिवसांनी स्वतःहून फोन करून म्हणाला की तू डोकं लाव, बाकीचं मी बघतो. दोघांनी मिळून कंपनी काढली, आणि एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरची खोली त्याने मिळवली. खोलीत एक लांब टेबल, छताला कॅमेरा, कॅमेऱ्याशेजारी उजेड टाकणारं यंत्र. कॅमेरा कापड बघणार, सॉफ्टवेअर ठरवणार, आणि वरून उजेडाच्या रेषा कापडावर पडणार. कापणाऱ्याने रेषेवरून कात्री चालवायची, बस्स.

दीड वर्ष मामा दर रविवारी त्या खोलीत आले. बारकीने डागाळ कापडांचे फोटो गोळा केले होते, हजारांच्या घरात. एकेक फोटो समोर यायचा आणि मामा तुकडे बसवून दाखवायचे. बसवताना पुटपुटायचे. "खिसा थोडा खाली घे. पाठीला नको, पाठ सगळ्यांना दिसते. हां, आता झाकला." लिहून घेता घेता तिची धांदल उडायची, म्हणून ती टेबलावर रेकॉर्डर ठेवायला लागली. मग आठवडाभर ते ऐकत बसायचं, आणि मामांच्या प्रत्येक "नको"मागे काय आहे ते शोधायचं.

त्या दिवसांसारखे दिवस तिला पुन्हा मिळाले नाहीत. काम चालत नसे तेव्हाही ती आनंदात असे. तीन आठवडे सॉफ्टवेअर बाह्या उलट्या बसवत होतं आणि का ते कळेना. कळलं तेव्हा ती खोलीत एकटीच मोठ्याने हसली. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. आई म्हणायची, तुला लागलंय तरी काय.

एका रविवारी वाईट अवस्थेतल्या ताग्याचा एक तुकडा टेबलावर होता. मामांनी बसवून बघितलं, चार सदरे निघतील म्हणाले. सॉफ्टवेअरने पाच काढले. पाचव्याची कॉलर दोन डागांच्या मधून अशी तिरकी नेली होती की मामा टेबलाशी वाकून बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "हे मला सुचलं नसतं." बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला कुणी बक्षीस दिलं असतं तरी एवढं वाटलं नसतं.

त्याच दिवशी मामांनी एक अट घातली. पहिली आणि एकच. हे आमच्या कारखान्यात यायला नको. लहान शिवणकामवाल्यांना द्या, दोन यंत्रांवर घर चालवणाऱ्यांना द्या, ते बिचारे डागाळच कापड घेतात कारण तेच परवडतं. पण माझ्या टेबलावरच्या सहा जणांच्या पोटावर पाय नको. दादा तिथेच उभा होता. त्याने मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मामा, शब्द दिला."

बारकीनेही दिला. तिला तर विचारही करावा लागला नाही, इतक्या सहज दिला.

पहिल्या वर्षी अकरा लहान शिवणघरांनी यंत्र घेतलं. बारकी स्वतः जाऊन बसवायची, शिकवायची. लहान मुलांचे कपडे शिवणारी एक बाई होती, ती उजेडाच्या रेषा पडताच हात मागे घ्यायची, चटका बसेल म्हणून. पंधरा दिवसांनी तिनेच फोन करून सांगितलं की ज्या कापडाचं पूर्वी पायपुसणं व्हायचं त्याचे आता फ्रॉक होतात. बारकीला वाटलं, आता आयुष्यभर हेच करावं.

दादाला मात्र अकराचा आकडा खुपत होता. अकरावरून कुणाचं घर चालत नाही, तो म्हणायचा. तो दिवसचे दिवस बाहेर असायचा, आला की नवे सूट, नवी माणसं, नव्या बैठका. बारकी त्यात लक्ष घालत नव्हती. धंद्याचं त्याने बघायचं असं ठरलंच होतं. एकदा त्याने मामांच्या आवाजाची रेकॉर्डिंग मागितली, काय काय आहे ते ऐकतो म्हणाला. तिने सगळी दिली. आणखी एकदा, सॉफ्टवेअर तीन शिवणघरांत एकाच वेळी बंद पडलं होतं आणि ती घामाघूम होऊन चूक शोधत होती, तेव्हा तो कागदांची चळत घेऊन आला. पानापानाला पिवळ्या चिठ्ठ्या. इथे, इथे आणि इथे. ती एका हाताने सही करत होती आणि डोळे पडद्यावर होते. कसले कागद म्हणून विचारलंसुद्धा नाही. सख्ख्या भावाला काय विचारायचं?

त्यानंतर पाच महिन्यांनी, बुधवारी, सकाळी अकराच्या सुमाराला मामा ऑफिसात आले.

कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी. अंगावर कारखान्याचा एप्रन, गळ्यात टेप. दादा गावाबाहेर होता. बारकीने खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. तिला आधी वाटलं कुणी आजारी आहे.

मामांनी सांगितलं ते असं. सोमवारी डागाच्या टेबलावर छताला काहीतरी बसवायला माणसं आली. दिवे बदलत असतील असं सगळ्यांना वाटलं. आज सकाळी मालक स्वतः आले, बरोबर कंपनीचा एक माणूस. टेबलावर कापड पसरलं, बटण दाबलं, रेषा पडल्या. आणि वरून आवाज आला. खिसा थोडा खाली घे. पाठीला नको, पाठ सगळ्यांना दिसते.

"माझा आवाज होता," मामा म्हणाले. "माझ्या सहा माणसांनी वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं."

पुढे मालकांनी मामांचे आभार मानले, सगळ्यांसमोर. तुमच्यामुळे हे शक्य झालं, म्हणाले. आणि महिनाअखेर टेबलावर दोनच माणसं लागतील, कोणती ते तुम्हीच ठरवा, असंही. सहांपैकी एकाने, जो मामांबरोबर एकोणीस वर्षं होता, कात्री टेबलावर ठेवली आणि तो नळावर हात धुवायला निघून गेला.

बारकी शपथेवर सांगत होती की मला यातलं काही माहीत नाही. मामा ऐकून घेत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की तो आवाज तू टिपून ठेवला होतास ना. ती हो म्हणाली. मामा जिना उतरून गेले.

दादा दुसऱ्या दिवशी आला. तिने रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ती रडली नाही. त्याने काही लपवायचा प्रयत्नही केला नाही, याचंच तिला जास्त लागलं. त्याच्या मनात ते प्रकरण केव्हाच निकालात निघालं होतं. तो समजावत राहिला: एका मोठ्या कारखान्याचं नाव पाठीशी लागलं की दहा कारखाने येतील, मामांचं वय झालंय, त्यांना देखरेखीचं काम मिळवून देईन, सहा माणसांना कुठेही काम मिळेल. आवाजाची कल्पना त्याचीच. लोकांना यंत्राचा धाक वाटतो, मास्तरांचा आवाज आला की आपुलकी वाटते.

"तू शब्द दिला होतास," ती म्हणाली.

"दिला होता. तेव्हा द्यावा लागला, नाहीतर मामा पुढच्या रविवारी आले नसते."

म्हणजे शब्द देतानाच तो मोडायचा हे ठरलेलं होतं. तिने विचारलं की निदान मला तरी सांगायचंस. त्यावर दादा दमलेल्या माणसासारखा हसला. "तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून नाही विचारलं. बारके, तू मन लावून खेळतेस. तो खेळ चालू राहावा म्हणून बाहेर उन्हातान्हात मी हिंडतो. तुझी सही आहे त्याच्यावर. वाचून बघ एकदा."

तिने वाचलं. चळतीतला सातवा कागद कारखान्याबरोबरचा करार होता. नववा तिच्यासाठी होता. सॉफ्टवेअर आणि त्यात ती पुढे जे काही सुधारेल ते सगळं कंपनीचं, आणि कंपनीत दादाचा वाटा तिच्याहून थोडा जास्त. खाली तिची सही, घाईघाईची, शेवटचं अक्षर पानाबाहेर गेलेलं.

ती आईकडे गेली. आईने सगळं ऐकलं आणि ती भाजी निवडत राहिली. तिचे हात जरा जास्तच सावकाश चालत होते. बारकीच्या लक्षात आलं आणि तिने विचारलं, "आई, तुला माहीत होतं?"

दादाने दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. मामांचं भलंच होईल म्हणाला होता, आणि बारकीला आत्ताच बोलू नकोस, तिचं कामातलं लक्ष उडेल. आईने पदर तोंडाशी नेला. "मला वाटलं, दोघांचं चाललंय चांगलं, मी कशाला मध्ये पडू." बारकीचे वडील गेल्यानंतर दहा वर्षं आईच्या याच भावाने, मामांनी, दोघा मुलांचे शाळेचे कपडे स्वतःच्या हाताने शिवून दिले होते. ती आठवण काढायची बारकीने टाळली. आईला ते तिच्याहून चांगलं ठाऊक होतं.

बारकीने मामांना फोन केले, उचलले गेले नाहीत. दोनदा घरी गेली. मामीने दारातूनच सांगितलं की ते बाहेर गेलेत, आणि आतून त्यांच्या खोकण्याचा आवाज आला. महिनाअखेर मामांनी दोन माणसं निवडली नाहीत. काढायच्या यादीत स्वतःचं नाव सातवं म्हणून जोडलं आणि सातही जण एका दिवशी बाहेर पडले. पण त्या सहांपैकी कुणीही त्यांच्याशी बोललं नाही, असं मामीकडून आईला कळलं आणि आईकडून बारकीला.

एवढं झाल्यावर तिने कंपनी सोडायला हवी होती. ती सोडली नाही. आत राहिलं तर करारातून काही वाट काढता येईल, असं ती स्वतःला सांगत होती. खरं म्हणजे त्या सॉफ्टवेअरपासून दूर जाणं तिला जमत नव्हतं. तिने ते स्वतःच्या हातांनी वाढवलं होतं.

मग कारखान्यातून तक्रार आली. सदरे परत यायला लागले होते. डाग कुठेच दिसत नव्हता, शिवण चोख होती, पण घालणाऱ्याला काहीतरी खटकत होतं. दादाने दोन सदरे तिच्या टेबलावर ठेवले. ती अर्धा दिवस बघत बसली तेव्हा तिला दिसलं. डावी बाही उजवीपेक्षा किंचित फिकी होती. इतकी किंचित की दिव्याखाली समजत नव्हतं. कॅमेऱ्यालाही समजत नव्हतं, कारण कापडावर दिवेच रोखलेले होते.

दादा म्हणाला, मामांना विचारून ये. त्यांना माहीत असणार. तुला नाही म्हणायचे नाहीत.

तिने त्याला सरळ सांगितलं की या कामासाठी मी मामांच्या दारात जाणार नाही. आणि शनिवारी दुपारी ती गेली. माफी मागायला जातेय, असं ती वाटभर स्वतःला बजावत होती. ते खोटंही नव्हतं. फक्त सदरे तिने पिशवीत घालून घेतले होते.

या वेळी दार मामांनी उघडलं. ते वाळले होते. आत ये म्हणाले, पाणी दिलं. तिने जे काही मनात साठवून आणलं होतं ते बोलून टाकलं: मी न वाचता सही केली, तुमचा आवाज मी बेफिकिरीने देऊन टाकला, दादाने जे केलं त्यात माझा हात नव्हता पण माझी चूक होती. मामा खाली मान घालून ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी मान डोलावली आणि तिला वाटलं, कुठेतरी सैल होतंय.

मग ते म्हणाले, "पिशवीत काय आहे?"

मामांनी हात पुढे केला, पिशवी घेतली, सदरे काढले आणि खिडकीशी नेले. दिवसाच्या उजेडात, पाठ तिच्याकडे करून, दोन्ही बाह्या एकमेकींवर धरल्या. त्यांना तेवढं पुरलं.

ते समजावून सांगायला लागले, अगदी रविवारच्यासारखं, शांतपणे. रंगवताना कापडाच्या काठाला रंग एक चढतो, मधे एक चढतो. डोळ्याला दिसत नाही, पण अंगावर दोन बाह्या शेजारी आल्या की दिसतं. म्हणून जोडीचे तुकडे कापडाच्या एकाच पट्ट्यातून काढायचे. एक काठाजवळून आणि एक मधून, असं करायचं नाही. तुझं यंत्र डाग चुकवायच्या नादात बाही कुठेही फेकतं. तिने विचारलं की हे आधी कसं आलं नाही आपल्या बोलण्यात. मामा म्हणाले की हे हात आपोआप करतो, बोलायचं सुचलंच नाही.

आणि त्याच क्षणी, मामा बोलत असताना, बारकीच्या डोक्यात उत्तर तयार झालं. जोडीच्या तुकड्यांना एक अदृश्य दोरी बांधायची, काठापासूनचं अंतर मोजायचं, अंतरात फार फरक पडला तर ती मांडणी बाद. किती सोपं, किती देखणं. तिचा चेहरा उजळला असणार, कारण मामा बोलायचे थांबले.

त्यांनी सदऱ्यांची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पिशवी तिच्या हातात दिली.

"काम झालं तुझं. जा आता."

"मामा, मी यासाठी नव्हते आले."

"मग सदरे कशाला आणलेस?"

पिशवी घेऊन ती बाहेर पडली. ती जिन्यात बराच वेळ उभी राहिली, पण दार बंद झालं होतं.

रविवार आणि सोमवार ती घरी बसून ते लिहीत होती. लिहिल्याशिवाय राहवेना. चाललंही पहिल्या फटक्यात, आणि तिला नेहमीसारखा आनंद झाला नाही एवढंच. मंगळवारी तिने दादाला सांगितलं की मला उत्तर सापडलं नाही आणि मी कंपनी सोडते आहे. तिने त्याच्याशी खोटं बोलण्याची ती पहिलीच वेळ. तो बरं म्हणाला.

जायच्या आधीच्या आठवड्यात ती अकराही शिवणघरांत जाऊन आली. प्रत्येक ठिकाणी स्वतः बसून नवी सुधारणा घातली. दोन दिवस पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरली. मामांची अट निदान एवढ्यापुरती पाळली जाईल, असा तिचा हिशेब होता. हे ज्यांच्यासाठी होतं त्यांच्याकडे राहील, कारखान्याकडे जाणार नाही. फ्रॉक शिवणाऱ्या बाईने तिला चहा पाजला आणि इतकी गप्प का म्हणून विचारलं.

तीन आठवड्यांनी रजिस्टर पोस्टाने पाकीट आलं. वकिलाची नोटीस, खाली कंपनीच्या वतीने दादाचं नाव. अकरापैकी कुणीतरी, अगदी भाबडेपणाने, कंपनीत फोन करून नव्या सुधारणेचं कौतुक केलं होतं. कंपनीच्या नोकरीत असताना केलेली सुधारणा कंपनीच्या मालकीची आहे, ती आठ दिवसांत सुपूर्द करावी. नवव्या कागदाचा हवाला होता. बारकीने एका ओळखीच्या वकीलबाईंना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, सही बघितली आणि सांगितलं की देऊन मोकळी हो.

तिने दिलं. दादाने पोच पाठवली, त्यात शेवटी "तब्येतीला जप" असं हाताने लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात कारखान्याचे सदरे परत येणं बंद झालं. मामांच्या कानावर ते जायचं तसं गेलंच.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. दादाची कंपनी सात कारखान्यांत आहे. त्याला कसल्याशा संस्थेने उद्योजकतेचं पारितोषिक दिलं आणि त्याने भाषणात बहिणीच्या प्रतिभेचा आवर्जून उल्लेख केला, असं आईने सांगितलं. बारकी एका वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर सांभाळते. चांगली माणसं आहेत, काम बेताचं आहे. कधीतरी एखादी कल्पना सुचते तेव्हा ती कागदावर लिहिते आणि कुणाला सांगत नाही.

आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला सगळे एकत्र जेवायला जमले, कारण आईने तेवढं एकच मागितलं होतं. मामाही आले. दादाने वाकून त्यांना खुर्ची दिली, डोळ्यांचं विचारलं, चांगल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. मामा त्याच्याशी नीट बोलले, एकदा तर हसलेसुद्धा. बारकी समोर बसून बघत होती.

जेवणं झाल्यावर मामा बाल्कनीत एकटे होते. ती गेली. अकरा घरांचं, नोटिशीचं, सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मामांनी मध्ये तोडलं नाही.

"असेल," ते म्हणाले.

ती म्हणाली की दादाशी तुम्ही बोलता. केलं तर त्याने.

मामा खाली रस्त्याकडे बघत होते. एक बाई छत्री दुरुस्त करून घेत होती, कारागीर तारा वाकवत होता. ते म्हणाले, "त्याचं मला एवढं लागलं नाही. लहानपणापासून तो तसाच. त्याच्याकडून मी कसली आशाच धरली नव्हती. रविवारी मी तुझ्यासाठी यायचो."

आतून आईने हाक मारली, केक कापायचा होता. मामा आधी आत गेले. बारकीने डोळे पुसले, मग तीही गेली आणि सगळ्यांबरोबर उभी राहिली.